मोठा एक की छोटे सहा?

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात, फेब्रुवारी २०१९ मध्ये मुलुंड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत मला दहा मिनिटं दिली आहेत आणि नावापुढे नुसतं 'कॅमेरा' असं लिहिलं आहे. बावीस वर्षं मी कॅमेऱ्यावर पोट भरतो आहे. लग्नं, मुंजी, कबड्डीचे सामने, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं केलं. त्यामुळे हे काम माझ्या गळ्यात पडणारच होतं.

प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे. दहावीला तीस वर्षं झाली म्हणून शाळेला फोटोग्राफीसाठी काही द्यायचं ठरलं. पैसे जमले, आणि लगेच ग्रुपवर दोन तट पडले. एक गट म्हणतो, द्यायचा तर एकच द्या, पण व्यावसायिक दर्जाचा, सर्वांत वरचा. दुसरा गट म्हणतो, त्याच पैशात एन्ट्री लेव्हलचे चार-सहा घ्या. त्यावर 'शाळेला देताना कसली चिंधीगिरी करता?' असाही सवाल झाला. मी स्वतः धंद्यात मोठा कॅमेरा वापरतो, म्हणून मी पहिल्या गटात असेन असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं आहे. मी दुसऱ्या गटात आहे. का, ते सांगतो.

उदाहरणाला एकाच कंपनीचे दोन कॅमेरे घेऊ, म्हणजे कंपनीचं भांडण नको. निकॉनचा डी५ हा २०१६ सालचा, त्यांचा सर्वांत वरचा डीएसएलआर. डी३५०० हा गेल्या वर्षी आलेला, सर्वांत खालचा. बाजारात आले तेव्हा अमेरिकेतली जाहीर किंमत डी५ ची साडेसहा हजार डॉलर, तीही लेन्सशिवाय. डी३५०० ची लेन्ससकट पाचशे डॉलर. म्हणजे एका नुसत्या बॉडीत तेरा छोटे कॅमेरे, लेन्स लावून तयार. आपल्याकडे कर वगैरे धरून आकडे बदलतात, प्रमाण फारसं बदलत नाही.

आता एक गंमत. ग्रुपवर सगळ्यांनी मेगापिक्सेल विचारले. मोठ्याचे आहेत २०.८ आणि छोट्याचे २४.२. छोट्याचे जास्त! तेव्हा तो हिशेब इथेच बाजूला ठेवू.

मग तेरापट पैसे कशाचे? डी५ चा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी काच म्हणा, साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढा. छोट्याचा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळात मोठा सव्वादोनपटीहून जास्त, म्हणून कमी उजेडात त्याचं चित्र स्वच्छ येतं. तो सेकंदाला १२ फोटो काढतो, छोटा ५. फोकस धरायला त्याच्याकडे १५३ बिंदू, छोट्याकडे ११. एका चार्जिंगमध्ये तो पावणेचार हजार फोटो काढू शकतो, छोटा साधारण दीड हजार. त्याचं शटर चार लाख वेळा उघडझाप करून तपासलेलं आहे. त्याच्या सांध्यांतून धूळ-पाणी आत जाऊ नये अशी सोय आहे. आणि त्यात दोन कार्डं बसतात, एक दगावलं तर फोटो दुसऱ्यावर असतात.

या दोन कार्डांमुळेच मी मोठा कॅमेरा घेतला. लग्नात अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी माझं कार्ड गेलं तर नवऱ्यामुलीच्या वडिलांना मी काय सांगणार, पुन्हा उभे राहा? संध्याकाळच्या अंधूक दिव्यांत कबड्डीचा चढाईवीर मधली रेषा गाठायला झेपावतो, तो मला दुसऱ्यांदा झेपावून दाखवत नाही. मोठा कॅमेरा मला खात्री विकतो. ती मला विकत घ्यावी लागते, कारण मी दुसऱ्याकडून पैसे घेऊन शब्द दिलेला असतो.

आठवीतल्या मुलीने कोणाला शब्द दिलाय? तिचे दहापैकी आठ फोटो बिघडायलाच हवेत. का बिघडले हे बघत बघतच तर ती शिकणार. तिला कॅमेरा लागतो तो रोज हातात घेता येईल असा. डी५ वर त्याची चांगली लेन्स लावली तर वजन अडीच किलोच्या आसपास जातं. डी३५०० लेन्ससकट सव्वासहाशे ग्रॅमच्या आत. सकाळच्या लोकलमध्ये दप्तर, डबा, छत्री आणि वर अडीच किलो! आपल्यातल्या पाठदुखीवाल्यांनी तरी या गोष्टीचा विचार करावा.

शिवाय डी५ नवशिक्याला मदत करत नाही. त्यात सगळं आपोआप करणारा हिरवा मोड नाही, अंगचा फ्लॅशही नाही. त्याला एक्सक्यूडी नाहीतर सीएफ कार्ड लागतं, ते कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात मिळत नाही. डी३५०० मध्ये गाइड मोड आहे. 'धावणारा माणूस स्थिर दिसायला हवा का?' अशासारखे पर्याय दाखवून तो मुलाला शटरचा वेग बदलायला लावतो. एक शिक्षक फुकट मिळाला म्हणा ना.

छोट्याच्या उणिवाही सांगतो, नाहीतर मी दुकानदार वाटेन. त्यात फोकसची मोटर नाही, म्हणून जुन्या डी प्रकारच्या लेन्सा त्यावर आपोआप फोकस करत नाहीत. सेकंड हँड स्वस्त मिळते म्हणून कोणी तसली लेन्स उचलू नये, एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्यावी. बाहेरचा माइक लावायला जागा नाही. पावसात तो न्यायचा नाही. आणि सोबत येणारी १८-५५ ची लेन्स स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर कमी पडते.

पण यावर उपाय आहे, आणि तो कॅमेऱ्यात नसून लेन्समध्ये आहे. ३५ मिलिमीटरवर किट लेन्सचं छिद्र साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडतं. ३५ मिलिमीटरची एफ १.८ ची लेन्स घेतली तर सुमारे सहापट उजेड आत येतो. मोठ्या सेन्सरचा फायदा सव्वादोनपटीचा आणि या छोट्याशा लेन्सचा सहापट! कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात, खांबांमागच्या काळोखात, छोटा कॅमेरा आणि ही लेन्स घेऊन मुलांना हवे तसे फोटो काढता येतील.

पक्ष्यांच्या बाबतीत तर छोटा सेन्सर सोयीचाच पडतो. ३०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ४५० सारखी जवळ आणते. आपल्या पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी आहे. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, आणि हे दिवस फ्लेमिंगोंचेच आहेत. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर मुलुंडला येऊन टेकलेत. भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे रविवारी पहाटे पक्षी बघणारे लोक लांबून लांबून येतात. आपली मुलं या सगळ्याच्या मधोमध राहतात आणि फ्लेमिंगो मोबाइलवर बघतात.

ग्रुपवर एकाने दादासाहेब फाळक्यांचा दाखला दिला. फाळक्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडन गाठलं, विल्यमसन कॅमेरा आणला, मग आपण काटकसर का करायची? दाखला खरा आहे, पण पुरता सांगायला हवा. त्याआधी फाळके जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. फोटो स्टुडिओ, ब्लॉक बनवणं, छपाई यांत त्यांची वर्षं गेली होती. आणि तो कॅमेरा आल्यावर त्यांनी आधी टिपली ती कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ. ते चित्र दाखवून भांडवल मिळवलं आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. मोठं यंत्र आलं ते हात तयार झाल्यावर. आपण शाळेला द्यायचं आहे ते हात तयार करण्याचं साधन.

'डीएसएलआरच आता जुना झाला' असंही काहींचं म्हणणं आहे. गेल्याच वर्षी निकॉन आणि कॅनन दोघांनीही आरसा नसलेले फुल-फ्रेम कॅमेरे आणले, हे खरं. पण छिद्र, वेग आणि आयएसओ यांचं गणित त्यातही हेच आहे. छोट्यावर शिकलेलं मूल उद्या कोणताही कॅमेरा उचलेल.

आता मनातलं बोलतो. सर, बाई, राग मानू नका. आपल्या प्रयोगशाळेत एक फार चांगला सूक्ष्मदर्शक होता. तो काचेच्या कपाटात असे, कपाटाला कुलूप असे. मी त्या शाळेत दहा वर्षं होतो आणि त्याच्या नळीला एकदाही डोळा लावला नाही. यात कोणाचाच दुष्टपणा नव्हता. महागाची एकच वस्तू, साठ मुलांचा वर्ग, मोडली तर जबाबदार कोण? तुमच्या जागी मी असतो तर मीही कुलूपच लावलं असतं. म्हणूनच सांगतो, साडेसहा हजार डॉलरची वस्तू शाळेला दिली तर तिच्यासोबत आपण तिचं कुलूपही देतो.

कॅमेरा कपाटात सुरक्षित राहतो, हेही मुंबईत खरं नाही. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत किती दमटपणा असतो ते पापडवाल्यांना विचारा. अंधाऱ्या, बंद, दमट जागेत लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. आधी कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसतात, मग काचेवरचा थर खाल्ला जातो आणि ते डाग निघत नाहीत. महागड्या लेन्सलाही ती सोडत नाही. उजेडात, वाऱ्यावर, वापरात असलेली लेन्स जास्त टिकते.

म्हणून माझी सूचना अशी. सहा छोटे कॅमेरे किट लेन्ससकट. दोन ३५ मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्सा. पक्ष्यांसाठी एक ७०-३००, तीही आतून मोटर असलेली. दोन ट्रायपॉड. हवाबंद डबे आणि त्यात सिलिका जेल, जे दर पावसाळ्यात बदलायचं. हे सगळं घेऊन पैसे उरतात. ते खर्चून टाकायचे नाहीत, ते दुरुस्तीसाठी ठेवायचे. कॅमेरे पडणार, हे धरूनच चालू. पहिला कॅमेरा पडेल त्या दिवशी मुलाच्या पालकांना चिठ्ठी जाणार नाही, एवढं शाळेने आम्हाला कबूल करावं.

आणि एक वही. वाचनालयातून पुस्तक नेतात तसा मुलांनी सही करून शनिवारी कॅमेरा घरी न्यायचा, सोमवारी परत आणायचा. बाजार, मिठागर, आजीचे हात, चाळीतला गणपती, जे दिसेल ते टिपायचं. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी येईन, शिकवण्याचे पैसे घेणार नाही. वर्षाखेरीला सूचनाफलकाशेजारच्या भिंतीवर मुलांचं प्रदर्शन लावू.

स्नेहसंमेलनाचे चांगले फोटो हवेत, अशी मुख्याध्यापकांची रास्त अपेक्षा आहे. त्यासाठी माझा मोठा कॅमेरा आणि मी दरवर्षी हजर राहू. तेवढ्या एका दिवसासाठी शाळेने तो विकत घेण्याची गरज नाही.

चहानंतर हात वर करून निर्णय घ्यायचा आहे. तेव्हा मोठ्या कॅमेऱ्यावर आपल्या तुकडीचं नाव कोरलेली पट्टी किती छान दिसेल याचा विचार जरा बाजूला ठेवा. सहा कॅमेऱ्यांवरही पट्ट्या लावता येतात. थोड्या वापराने झिजतील, एवढंच.