समुद्रातील सोन्याचा हिशेब



समुद्राला आपण 'रत्नाकर' म्हणतो. त्याच्या पाण्यात खरोखरच सोने विरघळलेले आहे, हे 1872 मध्ये सोनस्टाट या रसायनशास्त्रज्ञाने मांडले आणि तेव्हापासून अनेकांची झोप उडाली.

अमेरिकेतील मेन प्रांतात ल्यूबेक या गावी प्रेस्कॉट जर्नेगन नावाच्या एका धर्मोपदेशकाने समुद्रातून सोने खेचणारे यंत्र दाखवून कंपनी काढली. त्याचा पाणबुड्या साथीदार त्यात गुपचूप सोने ठेवीत असे. 1898 मध्ये बिंग फुटले आणि भागधारकांचे पैसे बुडाले. फसवणुकीची ही तऱ्हा व्यापाऱ्यांना नवी नाही. आधी नफा दाखवायचा, मग भांडवल मागायचे.

परंतु फ्रिट्झ हाबर यांची गोष्ट निराळी. हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनविण्याबद्दल त्यांना 1918 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. याच गृहस्थांनी महायुद्धात विषारी वायूच्या वापरात पुढाकार घेतला होता, हेही विसरता येत नाही. पराभूत जर्मनीवर 1921 मध्ये 13,200 कोटी सुवर्ण मार्क एवढी युद्धखंडणी लादली गेली. देशाचे हे देणे समुद्रातून फेडावे, असे हाबर यांच्या मनाने घेतले. जुन्या पृथक्करणांप्रमाणे टनभर पाण्यात काही मिलिग्रॅम सोने असावयास हवे होते. तेवढे असते तर धंदा जमला असता.

1923 मध्ये ते 'हान्सा' या जहाजावर प्रयोगशाळा थाटून अटलांटिक ओलांडून गेले. पाण्यातील सोने शिशाच्या संयुगाबरोबर खाली बसवायचे, शिसे जाळून काढायचे आणि उरलेला सूक्ष्म मणी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, अशी ही पद्धत. निरनिराळ्या समुद्रांतील हजारो नमुने तपासले गेले. मग ध्यानात आले, की रसायनांत व भांड्यांतच सोन्याचा अंश होता. पूर्वीचे आकडे त्यामुळेच फुगले होते. काट्यावर आधीच कोणी बोट ठेवलेले असावे, तसेच हे. 1927 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : टनामागे सुमारे 0.004 मिलिग्रॅम. देशाचे ऋण तसेच राहिले. स्वतःच्या आशेवर पाणी सोडून खरा आकडा छापणे सोपे नसते, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

पुढे तोही आकडा फार मोठा ठरला. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार अटलांटिक व उत्तर पॅसिफिकमध्ये सुमारे 10 कोटी टन पाण्यात 1 ग्रॅम सोने आहे. म्हणजे एका तोळ्यासाठी सुमारे 117 कोटी टन पाणी! सर्व महासागरांचे सोने मिळून हजारो टन भरते, पण ते गोळा करण्याचा खर्च पाहा. 10 कोटी टन पाणी केवळ एक मीटर उचलण्यास सुमारे पावणेतीन लाख युनिट वीज लागते. गाळण्याचा आणि रसायनांचा खर्च त्यात धरलेलाच नाही.