दिवाळीची वही आणि 31 मार्च



वहीपूजन दीपावलीला होते. आयकराचे वर्ष मात्र 1989 पासून सर्वांचेच 31 मार्चला संपते. रत्नागिरीत तो आंब्याचा हंगाम. बागायतदाराला दिलेली आगाऊ रक्कम एका वर्षात, पेट्यांची विक्री दुसऱ्या. माल येण्यापूर्वीच ती रक्कम खर्ची टाकली की नफा चुकतो. ती येणे म्हणूनच खतवावी.

ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, डबाबंद रसावर आहे. दोन्ही विकणाऱ्या दुकानदाराने 40 लाखांची नोंदणीमर्यादा मोजताना करमुक्त आंब्याची विक्रीही धरावयाची असते. नेमकी तीच वगळली जाते.

विवरणपत्र सल्लागार भरील, रोजमेळ मात्र दुकानातच, त्याच संध्याकाळी लिहिला जावा. मार्चअखेर आठवून लिहिलेल्या वह्या (त्या काही थोड्या नसतात!) तपासणीत उघड्या पडतात. गोदामातील काजूची वजन व खरेदीदरासह यादीही 31 मार्चलाच करावी.