राज्ये उलथतात तेव्हा नर्तकांचे काय होते?



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून आपल्यांपैकी पुष्कळांना हसू आले असेल. ज्या माणसाने आजवर जव्हारच्या आणि मोखाड्याच्या चौकांत वीटभट्टीच्या उचलीवर आणि रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीवर घसा कोरडा केला, तो आज बॅलेवर बोलणार! हसू येणे साहजिक आहे. आम्ही काही कलासमीक्षक नव्हे. आमचे वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी तो मोठा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे आमच्या घरची चूल आणि आमची शाळा एकाच वर्षी थंडावली. त्यानंतर जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत.

परंतु बॅलेशी आमची ओळख पुस्तकातून झालेली नाही, पाठीवरच्या ओझ्यातून झाली आहे. अठरा-एकोणीस वर्षांचे असताना आम्ही मुंबईच्या एका नाट्यगृहात पेट्या उचलण्याचे काम करीत होतो. तेथे एक परदेशी बॅले-मंडळी आली. त्यांच्या पेट्या आम्हीच वर चढविल्या आणि रात्री विंगेत, पडद्याच्या दोरीपाशी उभे राहून खेळ पाहिला. रंगमंचावर एक मुलगी पिसासारखी तरंगत होती. नाच संपवून ती विंगेत आली मात्र, आणि गुडघ्यांवर हात टेकून, भाताचे पोते उतरवलेल्या हमालासारखी धापा टाकू लागली. तिने बूट काढला. बोटांना बांधलेल्या पट्ट्या लाल झाल्या होत्या. आम्ही पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने तो घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा बूट चढवून हसत आत गेली. हीसुद्धा मजुरीच आहे, हे आम्हांला त्या रात्री समजले. म्हणून आज जे बोलणार आहोत ते मजुरांविषयीच आहे असे समजावे.

बॅले म्हणजे काय, हे या गावात समजावून सांगायला नको. ज्यांनी बोहाडा पाहिला आहे त्यांना ते ठाऊकच आहे. टेंभ्यांच्या उजेडात संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक सोंग निघते, तोंडावर मुखवटा, बोलणे जवळजवळ नाही, आणि तरी गणपती कोणता, नरसिंह कोणता, देवी आणि महिषासुर कोण, हे चार वर्षांच्या पोरालाही कळते. कथा आहे, वाद्य आहे, ठरलेली चाल आहे आणि ती अंगाने सांगायची आहे. परदेशात याच गोष्टी राजदरबाराच्या आश्रयाने वाढल्या, त्यांना शाळा मिळाल्या, नाट्यगृहे मिळाली. एवढाच काय तो फरक.

आता मुद्द्याकडे येतो. कवीला तुरुंगात टाकले तरी त्याची कविता कोणीतरी खिशात दडवून बाहेर नेतो. चित्र गुंडाळून माळ्यावर ठेवता येते. नृत्याला मात्र माळा नाही. ते माणसाच्या अंगात राहते, आणि एका माणसाच्या नव्हे, तर पंचवीस-पन्नास माणसांच्या अंगांत मिळून राहते. ती माणसे पांगली की नृत्यही पांगले. त्यांना रोज सराव लागतो, रोज दोन वेळचे जेवण लागते, शिकविणारा आणि शिकणारा एका छपराखाली लागतो. आणि युद्ध पहिला घाव घालते तो नेमका या तीन गोष्टींवर.

दुसऱ्या महायुद्धातले दोन दाखले देतो. मे १९४० मध्ये लंडनची सॅडलर्स वेल्स बॅले-मंडळी हॉलंडच्या दौऱ्यावर होती. जर्मन फौजा देशात घुसल्या आणि मंडळी अंगावरच्या कपड्यांनिशी बोटीतून परत आली. सहा नृत्यनाट्यांचे पडदे, पोशाख, संगीताच्या वह्या तेथेच राहिल्या. पुढे तरुण नर्तकांना फौजेत बोलावणी आली आणि उरलेल्यांवर बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत दिवसाला अनेक खेळ करण्याची पाळी आली.

दुसरा दाखला रशियाचा. १९४१ साली लेनिनग्राडला वेढा पडण्यापूर्वी तेथील किरॉव्ह नाट्यगृहाची मंडळी आणि नृत्यशाळा उरल पर्वताजवळच्या पर्म शहरी हलविली. त्या बिकट दिवसांतच, डिसेंबर १९४२ मध्ये, खाचातुरियनचे ‘गायाने’ हे नवे नृत्यनाट्य तेथे रंगमंचावर आले. १९४४ मध्ये मंडळी घरी परतली; पण जाताना मागे बी टाकून गेली. पुढच्याच वर्षी पर्मला स्वतःची नृत्यशाळा निघाली आणि ती नामांकित झाली. तेव्हा युद्ध नुसते मोडते असे नाही, ते माणसांना भलतीकडे नेऊन रुजवितेही. मात्र त्यासाठी कोणीतरी त्या माणसांना आगगाडीत जागा आणि वाटेत भाकर द्यावी लागते.

आपल्या देशातही हेच घडले, आणि ते आपल्यापासून फार दूर घडले नाही. हिमालयाच्या पायथ्याशी अल्मोड्याला उदय शंकरांनी नृत्याचे मोठे केंद्र काढले होते. युद्धाच्या काळात पैसा आटला आणि १९४४ साली ते बंद पडले. एक दार बंद झाले, त्याच सुमारास मुंबईजवळ अंधेरीला दुसरे उघडले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईस भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे ‘इप्टा’ची, स्थापना झाली, आणि १९४४ मध्ये अंधेरीला तिचे केंद्रीय पथक बसले. अल्मोड्याचे शांती बर्धन तेथे नृत्य बसवू लागले. पुढे रविशंकर संगीत द्यायला आले. पथकात कसलेले नर्तक थोडे, बाकी चळवळीतली कार्यकर्ती मुलेमुली. सारे एका घरात राहत आणि एका पंगतीत जेवत. ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ हे त्यांचे नृत्यनाट्य गावोगाव झाले आणि दुष्काळाच्या निधीसाठी झोळी फिरली. जे केंद्र युद्धाने बुडविले त्याचीच माणसे युद्धाने आणलेल्या भुकेशी लढायला उभी राहिली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

परंतु ते पथकही टिकले नाही. स्वातंत्र्य उंबरठ्यावर आले, राजकारणाचे वारे फिरले आणि दोन-तीन वर्षांतच पथक मोडले. चळवळीने नर्तकांना बोलावले, राबविले आणि वेळ येताच वाऱ्यावर सोडले, असे म्हटले तर आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाने राग मानू नये. १९५२ साली शांती बर्धनांनी मुंबईस ‘लिटल बॅले ट्रूप’ ही मंडळी काढली. अंगात क्षय होता. अशा अवस्थेत त्यांनी ‘रामायण’ बसविले. त्यात माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी हालतात. १९५४ मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनी मंडळी मोडू दिली नाही. १९६४ मध्ये ती ग्वाल्हेरला गेली, पुढे भोपाळला, आणि गुलबाईंनी २०१० मध्ये डोळे मिटेपर्यंत ती सांभाळली.

आता त्याच काळात आपल्या रानात काय चालले होते ते पाहू. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान, मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे युद्धात विमानदलात गेले होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजे विमानात आणि रयत वेठीला, असा तो काळ. डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात लग्नगडी नावाची चाल होती. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायकोने त्याच्या वाड्यावर राबायचे. एका रात्रीच्या वाजंत्रीची आणि नाचाची किंमत साऱ्या जन्माने मोजायची! मे १९४५ मध्ये झरी गावी हजारो वारली जमले. बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही, असे त्यांनी ठरविले. ऑक्टोबरमध्ये तलासरीजवळ गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चारजण पडले. पण लग्नगडी आणि वेठ मोडली. गोदावरी परुळेकरांनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले आहे. ज्याचे पाय सावकाराकडे गहाण आहेत तो नाचेल, पण आपल्या मर्जीने नाचणार नाही. त्या उठावाने आमच्या लोकांना त्यांचे पाय परत मिळवून दिले, असे आम्ही मानतो.

तथापि उलथापालथ नेहमी अशी हितकर असते, असे सांगितले तर ती आपली फसवणूक होईल. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात कष्टकऱ्यांचेच नाव घेऊन एक राजवट आली. त्या देशात राजवाड्यातले एक प्राचीन नृत्य होते. जुन्या राजवटीची खूण म्हणून ते बंद झाले, आणि उपासमार, सक्तीची मजुरी व हत्या यांत बहुतेक नर्तकनर्तिका नाहीशा झाल्या. पोल पॉट या हुकूमशहाची भावजय चिया सामी ही स्वतः त्या नृत्याची गुरू होती; तिलाही शेतावर राबावे लागले. ती वाचली. १९७९ नंतर तिने आणि तिच्यासारख्या मूठभरांनी आठवणीतून एकेक मुद्रा मुलींच्या बोटांत पुन्हा घातली. चळवळीच्या माणसाने ही गोष्ट रोज आठवावी. न्यायाच्या नावाने आपण कोणाचे पाय तोडीत आहोत, हे त्या गर्दीत दिसत नाही.

हे आम्ही परक्यांविषयी बोलत नाही. आमच्या हातूनही तसे घडले आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी भिवंडीकडच्या एका भट्टीवर मजुरीसाठी काम बंद होते. मजूर बहुतेक मोखाड्याचे. ऐन त्या वेळी गावचा बोहाडा आला. माणसे म्हणाली, दोन रात्री जाऊन येतो. आम्ही नाही म्हणालो. फळी फुटेल अशी भीती होती. “नाचायला जन्म पडला आहे,” असे आम्ही भर सभेत बोललो. एका म्हाताऱ्या गृहस्थाकडे त्याच्या घराण्याचे सोंग होते. तो आमच्या शब्दाखातर थांबला. आठवड्याने मजुरी वाढली. फटाके वाजले. म्हातारा जवळ येऊन म्हणाला, “भाऊ, मजुरी वाढली, बरं झालं. पण औंदा पोराला संगं घेऊन चाल दाखवायची व्हती. ती चाल काय भट्टीवर शिकवता येते?” आम्हांला उत्तर देता आले नाही. पुढच्या वर्षी तो अंथरुणाला खिळला होता. सोंग निघाले, पोराने ते धरले, पण चाल बापाची नव्हती. हे गावाने ओळखले आणि आम्हीही ओळखले.

आजही भात घरात आले की आपल्याकडे तारपा वाजू लागतो, आणि दिवाळी सरली की गाव रिकामे होऊ लागते. भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडपानाचा तो तारपा मधे, आणि त्याच्याकडे पाठ न करता फिरणारी माणसांची साखळी भोवती. पण साखळीतले निम्मे भट्टीवर. येथे तोफा नाहीत, वेढा नाही, तरी मंडळी मात्र पांगते. १९९२ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर गेले. त्या वेळी भुकेवर भाषणे झाली, पण या पांगण्याचा विचार झाला नाही. वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडांना तारप्यासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, याचा आम्हां सर्वांस अभिमान आहे. पण वादकाचा गौरव झाला आणि नाचणारे गावात उरले नाहीत, तर त्याने वाजवायचे कोणासाठी?

कोणी विचारील, की कलावंताने राजकारणात पक्ष घ्यावा काय? ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा डाव झाला, तेव्हा दूरचित्रवाणीवर बातम्यांच्या जागी ‘स्वान लेक’ हा बॅले दाखवीत राहिले. राज्यकर्ता नाचाचा असा पडदाही करतो. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा बोल्शॉयची पहिल्या प्रतीची नर्तिका ओल्गा स्मिर्नोव्हा हिने युद्धाचा निषेध केला आणि ती मायदेश सोडून हॉलंडच्या मंडळीत गेली. त्याच मार्च महिन्यात कीव्हचा नर्तक आर्त्योम दात्सिशिन गोळामारीतल्या जखमांनी मरण पावला. एकीने पक्ष घेतला, दुसऱ्याला विचारलेच नाही. युद्ध नर्तकाला बाजूला उभे राहू देत नाही. मग त्याने निदान आपल्या डोक्याने उभे राहावे, एवढेच आम्ही म्हणू.

शेवटी आमचे मागणे सांगतो. मागणी केल्याशिवाय बसणे आमच्या धंद्यात बसत नाही. भट्टीवाल्याशी होणाऱ्या करारात मजुरीच्या दराखाली आणखी एक कलम असावे: गावच्या बोहाड्याच्या रात्रींना सुट्टी, जाण्यायेण्याच्या भाड्यासह. गेली काही वर्षे आम्ही हे कलम लिहितो. काही ठिकाणी ते मान्य होते, पुष्कळ ठिकाणी त्यावर हसतात. आपण गावचे प्रतिष्ठित लोक आहात, दुकानदार आहात, शिक्षक आहात. भट्टीवाल्यांपैकी काही आपल्या ओळखीचे असतील. त्यांच्या कानावर हे घालावे. आणि पुढच्या बोहाड्यात एखादे सोंग रिकामे दिसले, तर ते धरणारा माणूस कोठल्या भट्टीवर आहे एवढे विचारून ठेवावे आणि आम्हांला कळवावे. त्याला आणायला आम्ही जाऊ.