प्रगतिपुस्तक : शाळेने घराला लिहिलेले वर्षअखेरचे पत्र

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



महाराष्ट्रातील बहुतेक प्राथमिक शाळांमध्ये १ मे रोजी ध्वजवंदन आटोपले की मुले आपापल्या वर्गात जातात. वर्गशिक्षक नाव पुकारतात आणि प्रत्येकाच्या हाती प्रगतिपुस्तक पडते. दारात उभे असलेले पालक ते उघडतात, शेवटच्या रकान्यातील श्रेणी पाहतात, ‘वरच्या वर्गात गेला ना?’ एवढे विचारतात आणि मिटवून पिशवीत ठेवतात. दहा महिन्यांच्या शिक्षणाचा हा वृत्तांत वाचायला अनेक घरांमध्ये एक मिनिटही लागत नाही. पुढे सुटी सुरू होते, गावाला जाण्याची गडबड होते आणि जूनमध्ये तेच पुस्तक कपाटाच्या तळाशी सापडते.

या समाजातील बहुसंख्य घरे व्यापारी परंपरेची आहेत. व्यापारी माणूस वर्षाचा ताळेबंद कसा वाचतो, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. नफ्याचा अंतिम आकडा पाहून तो वही मिटत नाही. येणे किती थकले, कोणता माल वर्षभर पडून राहिला, कोणत्या खात्यात गळती झाली, हे तो बारकाईने पाहतो, कारण पुढील वर्षाचे शहाणपण त्या मधल्या रकान्यांत दडलेले असते. मात्र तोच सावध व्यापारी आपल्या मुलाच्या ताळेबंदाचा केवळ शेवटचा आकडा पाहतो. आजच्या विवेचनाचा विषय हाच विरोधाभास आहे.

दंडापासून विश्वासापर्यंत

पालक आणि प्राथमिक शाळा यांच्या नात्याला या भूमीत शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. त्या काळी रुपयाचे मोल मोठे होते. पालक हा शिक्षणातील जबाबदार घटक आहे, हे तत्त्व त्या दंडाने प्रथम ठसविले. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली, कुंभोजच्या जैन शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. दंडाने जे साधत नाही ते गावोगाव फिरून, आईवडिलांशी बोलून साधता येते, हे कर्मवीरांच्या कार्याने दाखवून दिले.

त्याच सुमारास बालशिक्षणाच्या क्षेत्रात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिके’तून पालकांना सातत्याने सांगितले की, मूल ही घडविण्याची माती नसून समजून घेण्याची व्यक्ती आहे. मुलाविषयी पालकांशी बोलणे हा शिक्षणाचाच भाग आहे, ही दृष्टी मराठी समाजाला अशा कार्यातून मिळाली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील कलम १० नुसार पाल्याला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. कलम २४ मात्र फारसे कोणी वाचत नाही. त्यात शिक्षकाच्या कर्तव्यांमध्ये पालकांच्या नियमित सभा घेणे आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व झालेली प्रगती यांची माहिती पालकांना देणे हे स्पष्टपणे नमूद आहे. म्हणजे वर्षअखेरीस मिळणारी माहिती ही शाळेची कृपा नव्हे. ती देणे शिक्षकाचे कर्तव्य आहे आणि ती मागणे हा पालकाचा अधिकार आहे.

प्रगतिपुस्तकात काय असते?

पूर्वीच्या प्रगतिपुस्तकात घटक चाचणी, सहामाही व वार्षिक परीक्षेचे गुण, हजर दिवस, उंची, वजन, वर्गातील क्रमांक आणि पालकांची स्वाक्षरी एवढेच असे. ‘पास’ किंवा ‘नापास’ हा शेवटचा शब्द असे. नापासाच्या शिक्क्याने अनेक मुलांची, विशेषतः मुलींची, शाळा कायमची सुटली, हे ज्येष्ठांना चांगले आठवत असेल.

महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन पद्धती आणली. तिचे दोन भाग आहेत. वर्षभर चालणारे ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटी होणारे ते संकलित मूल्यमापन. इयत्ता पहिली-दुसरीत आकारिक भागाला ७० टक्के व संकलित भागाला ३० टक्के भारांश देण्यात आला. तिसरी-चौथीत हे प्रमाण ६० व ४०, पाचवी-सहावीत ५० व ५०, तर सातवी-आठवीत ४० व ६० असे ठरले. म्हणजे लहान मुलाच्या बाबतीत एका दिवसाच्या कागदापेक्षा वर्षभराच्या निरीक्षणाला, तोंडी कामाला, उपक्रमाला, प्रकल्पाला व वर्गकार्याला अधिक वजन आहे.

गुणांऐवजी श्रेणी आल्या. ९१ ते १०० गुणांना ‘अ-१’, ८१ ते ९० ला ‘अ-२’ आणि याच क्रमाने खाली ‘ब’, ‘क’, ‘ड’ व ‘इ’. त्याशिवाय वर्णनात्मक नोंदी आल्या : विशेष प्रगती, आवड व छंद, आणि सुधारणा आवश्यक. संपूर्ण प्रगतिपुस्तकात सर्वांत मौल्यवान ओळ कोणती असेल, तर ती या शेवटच्या रकान्यातील.

‘जोडाक्षरे वाचताना अडखळतो’, ‘हातच्याची वजाबाकी करताना चुकते’, ‘उत्तर येत असूनही बोलण्यास संकोचते’. तिसरीच्या पुस्तकात लिहिलेले असे एक वाक्य त्या मुलाचे पुढील पाच वर्षांचे भवितव्य सांगत असते. जोडाक्षरांवर अडखळणारे मूल चौथीत परिसर अभ्यासाचा धडा सलग वाचू शकत नाही, पाचवीत गणिताचे शाब्दिक उदाहरण समजू शकत नाही आणि मग सर्व विषयांत मागे पडते. पालकांना वाटते, मुलाचे गणित कच्चे आहे. वास्तविक त्याचे वाचन कच्चे असते, आणि तसे शिक्षकांनी दोन वर्षांपूर्वी लिहूनही दिलेले असते.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तयार नोंदींच्या छापील पुस्तिका बाजारात मिळतात आणि घाईच्या दिवसांत त्यातील वाक्ये काही ठिकाणी जशीच्या तशी उतरविली जातात. चाळीस मुलांच्या वर्गात ‘अभ्यासात नियमित आहे’ हे वाक्य तीस पुस्तकांत दिसले, तर त्यातून कोणत्याही मुलाविषयी काहीच कळत नाही. अनेक प्रकारच्या कामांनी शिक्षकाचा वेळ खाल्ला आहे, हे खरे. परंतु नोंद वाचणारा कोणी आहे हे शिक्षकाला ठाऊक असते, तेव्हा ती अधिक जबाबदारीने लिहिली जाते, हेही तितकेच खरे. पालकाने वाचलेच नाही तर शिक्षकाने कोणासाठी लिहावे?

‘नापास नाही’ याचा चुकीचा अर्थ

शिक्षण हक्क कायद्यातील कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही, असे धोरण आले. त्यामागील हेतू करुणेचा होता. मुलाच्या अपयशाचे ओझे मुलावर न टाकता ते मोठ्यांनी वाहावे, त्याला अधिक साहाय्य द्यावे, असा त्याचा आशय होता. अनेक घरांनी मात्र त्याचा अर्थ ‘आता पाहण्यासारखे काही उरले नाही’ असा घेतला.

२०१९ मध्ये केंद्राने या कलमात दुरुस्ती केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपले नियम बदलले. त्यानुसार राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा आली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला अतिरिक्त मार्गदर्शन व पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि त्यानंतरही तो उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात ठेवता येते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

पाचवीच्या मे महिन्यात पालकाला बसणारा धक्का टाळण्याचा उपाय दुसरी, तिसरी आणि चौथीच्या मे महिन्यांतच असतो. पुनर्परीक्षेपूर्वीच्या थोड्या आठवड्यांत चार वर्षांची उणीव भरून काढणे दहा वर्षांच्या जिवाला शक्य नसते. त्या वेळी घरात रागावणे होते, तुलना होते आणि मूल पुस्तकालाच भिऊ लागते. कठोर शब्दाने मनाला होणारी इजा ही हिंसाच आहे, हे अहिंसेचा संस्कार लाभलेल्या घरांना वेगळे सांगावयास नको.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच दिशेने पुढचे पाऊल टाकून समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाच्या मूल्यमापनासह मुलाचे स्वतःविषयीचे आणि सोबत्यांचेही मत अपेक्षित आहे, आणि हे पत्रक घर व शाळा यांना जोडणारा महत्त्वाचा दुवा ठरावे, असा उद्देश आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि पायाभूत गणित यावे, हे लक्ष्य ठेवले. तिसरी ही वेस आहे. तिच्या अलीकडे मूल वाचायला शिकते, पलीकडे ते वाचून शिकते.

पालकांनी काय करावे?

प्रथम उपस्थिती पाहावी. वीस-पंचवीस दिवसांची गैरहजेरी कोणत्या महिन्यांत झाली, हे पाहिले की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. लग्नसराई, यात्रा आणि प्रवास यांसाठी बुडविलेले दिवस लहान वाटतात, परंतु भागाकाराची ओळख नेमकी त्याच आठवड्यात झालेली असते.

त्यानंतर ‘सुधारणा आवश्यक’ हा रकाना मुलाला जवळ घेऊन, न रागावता वाचावा. स्वाक्षरी त्यानंतर करावी. शिक्षकांना तीन प्रश्न विचारावेत : माझ्या मुलाला कोणती गोष्ट चांगली जमते? कोणत्या एका ठिकाणी ते अडते? सुटीत घरी काय करता येईल? ‘कितवा आला?’ हा प्रश्न या यादीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

घरी एक साधी कसोटी घ्यावी. त्याच इयत्तेच्या पाठ्यपुस्तकातील न शिकविलेले एक पान मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे आणि काय समजले ते त्याच्या शब्दांत सांगायला लावावे. इंग्रजी माध्यमातील मुलांच्या बाबतीत हे अधिक आवश्यक आहे. घरात गुजराती, मारवाडी किंवा मराठी, शाळेत इंग्रजी, अशा स्थितीत मूल पान खडखडीत वाचते, पण त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. आजी-आजोबांना ते प्रगतिपुस्तक वाचता येत नसेल, तर मुलानेच त्यांना ते घरच्या भाषेत समजावून सांगावे. यापेक्षा चांगला स्वाध्याय दुसरा नाही.

सुटीत शिकवण्यांचा मारा करू नये. दुकानात गल्ल्याशेजारी बसवून शंभराच्या नोटेतून परत द्यावयाचे पैसे मोजू द्यावेत, तराजूवर पावशेर-अर्धा किलो तोलू द्यावा, घरखर्चाची छोटी वही लिहू द्यावी. रोज रात्री अर्धा तास गोष्टीचे पुस्तक वाचावे, एक पान आईने, एक पान मुलाने. जूनच्या मध्यास, विदर्भात त्याहून थोड्या उशिराने, शाळा उघडेल तेव्हा हे मूल रिकाम्या हाताने वर्गात जाणार नाही.

संस्थेचे दायित्व

दरवर्षी जून-जुलैत गावोगावच्या संस्था गुणगौरव समारंभ घेतात. नव्वद टक्क्यांवरील मुलांना व्यासपीठावर बोलावून त्यांचे कौतुक केले जाते. हे कौतुक योग्यच आहे. परंतु ‘क-२’ मिळालेले मूल त्या दिवशी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत असते. त्याच्यासाठी संस्थेकडे काय आहे?

पन्नास वर्षे संस्था फी देतात, वह्या देतात, गणवेश देतात. आता वेळ देण्याची आवश्यकता आहे. मे महिन्यात बहुतेक सभागृहे सकाळी रिकामी असतात. तेथे दररोज दीड तासाचा वाचनवर्ग चालविण्यास फारसा खर्च येत नाही. निवृत्त शिक्षक, हिशेबात तरबेज असलेले ज्येष्ठ नागरिक, महाविद्यालयीन युवक-युवती अशा दहा जणांनी प्रत्येकी चार मुले घेतली, तर चाळीस मुलांची वजाबाकी आणि वाचन महिन्याभरात पुष्कळ सुधारू शकते.

या वर्गाचे दार केवळ समाजाच्या मुलांसाठी असू नये. दुकानात माल उचलणाऱ्या हमालाचे मूल, घरी काम करणाऱ्या ताईंची मुलगी, हंगाम संपवून परतलेल्या ऊसतोड मजुरांची मुले, यांच्या घरी प्रगतिपुस्तक येते पण ते वाचून दाखविणारे कोणी नसते. ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडावर संपतो, म्हणजे शाळेचे अर्ध्याहून अधिक वर्ष त्यात जाते. अशा स्थलांतरित मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी कार्ड अशा योजना केल्या. तरीही गावी परतलेल्या मुलाला नेमके काय येते आणि काय राहिले, हे त्याच्या आईला तिच्या भाषेत कोणीतरी सांगितले पाहिजे. दानाच्या परंपरेत ज्ञानदानाचे स्थान फार वरचे आहे. दुसऱ्याच्या मुलाचे प्रगतिपुस्तक शांतपणे वाचून देणे हेही ज्ञानदानच आहे.

सज्जनहो, येत्या १ मे रोजी प्रगतिपुस्तक हाती येईल, तेव्हा प्रत्येक घराने ते किमान पंधरा मिनिटे वाचावे. श्रेणी सर्वांत शेवटी पाहावी. शेजारी उभे असलेले मूल त्या वेळी आपल्या आईवडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत असते. त्या चेहऱ्यावर राग नाही, उपेक्षा नाही, केवळ आपल्याला समजून घेण्याची उत्सुकता आहे, असे त्याला दिसले, तर जूनमध्ये ते मूल आनंदाने शाळेची पायरी चढेल.