हिऱ्याचा रंग



हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, असं आपण शाळेत पाठ केलं. अगदी शुद्ध असेल तर त्याला रंग नसतो, प्रकाश आरपार जातो. पण असा हिरा निसर्गात शेकड्यात एखाद-दुसराच. बाकीच्यांत नत्र शिरलेला असतो. हो, तोच नत्र, ज्यासाठी आपण कपाशीला युरिया टाकतो! आवर्तसारणीत तो कार्बनच्या शेजारचा, म्हणून अणूंच्या जाळीत सहज जागा मिळवतो. तो निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि हिरा पिवळसर दिसतो.

बोरॉनही कृषी केंद्रातलाच. दहा लाख अणूंमागे त्याचा एखादा अणू असला तरी हिरा निळा होऊ शकतो. आंध्रातल्या कोल्लूरच्या खाणीतला, आता वॉशिंग्टनला असलेला 45.52 कॅरटचा होप हिरा असाच निळा. गुलाबी हिऱ्यात बहुधा परका अणू कारण नसतो, प्रचंड दाबाने जाळीच सरकलेली असते. हिरवा रंग येतो तो बहुतेक वेळा किरणोत्सर्गामुळे.

हिंगणघाटच्या बाजारात कापूस पिवळा पडला की भाव पडतो, तसंच इथेही. रंगहीन हिऱ्याला ‘डी’ ही प्रत, तिथून पिवळेपणा वाढत ‘झेड’पर्यंत उतरंड. गंमत म्हणजे त्याहून गडद पिवळा झाला की भाव पुन्हा चढतो. कापसाचं असं कधी होत नाही, हे आपलं दुर्दैव.

आपल्या विदर्भातही वैरागडला हिऱ्याची खाण होती, ‘ऐन-ए-अकबरी’त तिचा उल्लेख आहे. पण नाव झालं ते गोवळकोंड्याचं, तिथल्या पाण्यासारख्या नितळ, नत्र जवळजवळ नसलेल्या हिऱ्यांमुळे. त्र्यंबकेश्वराचा नाशिक हिराही रंगहीनच. 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती गेला.

आता उलटंच झालंय. प्रयोगशाळेत वाढवलेले रंगहीन हिरे बहुतेक सगळे नत्राविना असतात. त्यामुळे तपासणीच्या यंत्रात नत्र सापडला नाही की खडा आधी बाजूला काढतात आणि पुढच्या चाचण्यांना पाठवतात. ज्या निर्मळपणासाठी गोवळकोंडा गाजला, त्याचीच आज पहिली शंका घेतली जाते. प्रयोगशाळेतला हिराही खराच हिरा असतो, फक्त भाव फार कमी. डोळ्यांनी फरक कळत नाही, भिंगानेही सहसा नाही.

म्हणून लेकीच्या लग्नासाठी घेणाऱ्यांनी दुकानदार ओळखीचा असला तरी नामांकित प्रयोगशाळेचा दाखला मागावा. आणि आजीच्या कुडीतला खडा ‘वापरून पिवळा पडलाय, बदलून टाका’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. वापराने हिरा पिवळा पडत नाही. साबण आणि तेलाचा थर बसतो, तो नीट धुतल्यावर जातो. त्यानंतरही उरलेली पिवळसर झाक आजीच्या जन्माच्या कितीतरी आधीची, जमिनीखाली दीडशे किलोमीटरवर मिळालेली असते.