निसण्याची निवड

बोथट सुरी निरुपद्रवी असते, असा समज अनेक घरांतून आढळतो. मुलांच्या हाती लागेल या भीतीने कित्येक गृहिणी सुरीस धारच लावीत नाहीत. वास्तविक बोथट सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरते. ती घसरू नये म्हणून हात अधिक जोर करतो आणि त्याच जोराने पाते बोटात शिरते. धार ही हवीच. ती कोणत्या दगडावर लावावी, एवढाच विचार करावयाचा.

पूर्वी पायरीचा दगड हे काम करी. आज दुकानात मिळणारे बहुतेक निसणे कृत्रिम असतात. १८९१ साली एडवर्ड ॲचेसन या अमेरिकन संशोधकाने चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेच्या साहाय्याने अतिशय तापविले, तेव्हा त्यास सिलिकॉन कार्बाइडचे चमकदार स्फटिक मिळाले. कार्बन आणि कुरुंद यांचा हा संयोग असावा, अशा कल्पनेने त्याने त्यास ‘कार्बोरंडम’ म्हटले. कल्पना चुकीची ठरली. नाव मात्र टिकले. दुसऱ्या प्रकारचे निसणे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचे असतात. काठिण्याच्या मोजपट्टीवर गारगोटी ७, कुरुंद ९ आणि सिलिकॉन कार्बाइड त्याहून किंचित वर. घरच्या पोलादी सुरीस दोन्ही पुरेसे आहेत.

खरा घोटाळा होतो तो क्रमांकाचा. क्रमांक जितका मोठा, तितके दगडाचे कण बारीक. पात्यास खांडे पडली असतील, तर २२० ते ४०० क्रमांकाचा भरड दगड घ्यावा. नेहमीच्या धारेस १००० चा पुरतो. ३००० च्या पुढील दगड लावलेली धार गुळगुळीत करण्यासाठी असतात. महाग तो उत्तम, या हिशेबाने ६००० चा दगड आणून त्यावर बोथट सुरी घासत बसणाऱ्याची निराशा होते; पाते चकाकते, पण कापीत नाही. निरनिराळ्या देशांच्या मोजणीत एकाच क्रमांकाचे कण सारखे नसतात, हेही ध्यानी ठेवावे. एकच दगड घेणे शक्य असेल, तर एका बाजूस ४०० व दुसऱ्या बाजूस १००० असा जोडदगड घ्यावा.

घेताना त्यावर पट्टी उभी धरून पृष्ठभाग सपाट आहे की नाही, ते पाहावे. दगड पाण्याचा की तेलाचा, हे विचारून घ्यावे. एकदा तेल प्यालेला दगड पुन्हा पाण्यास नीट उपयोगी पडत नाही. भट्टीत भाजलेले काही दगड भिजवून वापरावयाचे असतात; राळेने बांधलेल्यांवर मात्र केवळ पाणी शिंपडावे, ते पाण्यात ठेवू नयेत. विळीचे पाते जागचे हलत नसल्याने तेथे दगडच फिरवावा लागतो. त्यासाठी मुठीत मावेल असा लहान दगड सोयीचा.

सुरी दगडाशी सुमारे १५ ते २० अंशांचा कोन करून, तो न बदलता, हलक्या हाताने फिरवावी. पलीकडच्या कडेस खरखर लागली की बाजू बदलावी. काम झाल्यावर सुरी धुऊन, पुसून मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी. मुलांची काळजी घ्यावयाची ती अशी.