उद्योगाची भूमी आणि समाजाची पत



उद्योजक जन्मावाच लागतो, असे म्हणतात. परंतु त्याला भूमी आणि समाजही घडवीत असतात. मुंबईसारखे बंदर लाभले, म्हणून शेठ मोतीशा यांची जहाजे चीनपर्यंत गेली. आपल्या शेजारचे भायखळ्याचे मंदिर ही त्यांचीच देणगी. 1834 मध्ये मुंबईची पांजरपोळ उभी राहिली, ती मात्र पारशी जमशेटजी जीजीभाईंच्या साथीने.

सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद (1882–1953) यांना वडिलार्जित व्यापारातून भांडवल व पत मिळाली. रेल्वेच्या कामाची जाण मात्र त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक यांच्याकडे होती. ते पूर्वी रेल्वेत कारकून होते. या दोहोंच्या संयोगातून रेल्वेची कंत्राटे मिळाली. पुढे 1919 मध्ये वालचंदांनी नरोत्तम मोरारजी आदींसह सिंदिया कंपनी स्थापिली. 5 एप्रिल 1919 रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिची कोंडी केली, तरी ती टिकली. आज तोच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होतो.

बंधूंनो, समाजाची पत हे आपले मोठे धन आहे. परंतु ती केवळ नात्यागोत्यातच फिरत राहिली, तर दुकान चालेल, उद्योग उभा राहणार नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या तरुणांच्या पाठीशी उभे राहताना, त्यांनी निवडलेल्या परक्या पण गुणी भागीदारावरही विश्वास टाकू या.

जय जिनेंद्र!